रेघेपलीकडचा गोठा

— वाजवा, वाजवा घंटी, अध्यक्षबाई. माझ्या आधीचा तो गॅरेजवाला निम्मा वेळ नुसता खोकत होता, तेव्हा नाही सापडली ती? नाही, रागावत नाही मी. मुद्द्यावरच येते. माझा मुद्दा शेळ्यांचा. फक्त शेळ्यांचा, दुसरं काही नाही. तुमचा नवा नियम म्हणतो, गावाचे दोन झोन — एक निवासी, एक शेतीचा. निवासी झोनमध्ये जनावर बांधायचं नाही आणि शेतीच्या झोनमध्ये माणसानं रात्री मुक्काम करायचा नाही. बरोबर ना? वाचलाय मी, चष्मा लावून. तुमच्या डाव्या हाताला बसलेल्या सदस्यांनी वाचलाय का, विचारा जरा — बघा, कसे छताकडे बघायला लागले!

आता ही रेघ. ज्यानं ओढली तो भला माणूस असेल, माझं काही म्हणणं नाही, पण त्यानं ती ओढली नेमकी माझ्या अंगणातून. परवा नकाशा हातात धरून उभी राहिले, तर रेघ जाते कपडे वाळत घालायच्या दोरीला आडवी. म्हणजे चादर टाकली की तिचं एक टोक निवासी आणि दुसरं शेतीत. घर अलीकडं, गोठा पलीकडं. गोठ्यात कोणी शिंकलं तर मला स्वयंपाकघरात ऐकू येतं, आणि तुम्ही म्हणता हे दोन वेगळे झोन! हसा, हसा. मलाही हसू आलं होतं. पण शेळी अडली तर काय करू? पिल्लू आडवं आलं तर तिला म्हणू, थांब बाई, परवानगी काढून येते? आमची ती काळी तर अशी आहे — अंगानं भरलेली, स्वभावानं थेट माझ्या नणंदेवर गेलेली — परक्याला जवळ उभं करत नाही. तिच्यापाशी घरचं माणूस लागतंच. म्हणून तर आमचे हे तिथं झोपतात.

काय? — हो, शेळ्या व्यायच्या दिवसांत. तेवढ्याच दिवसांत. — आत्ता? आत्ता कोणी व्यायची नाही, पण — तुम्ही बाई आडवे प्रश्न फार विचारता. बरं, झोपतात. बारा महिने झोपतात. झालं समाधान? कारकूनदादा, ते लिहू नका. लिहिलंत? मग खोडा.

आणि मागच्या बायांनो, कुजबुज नको, मी सांगतेय ना. भांडण नाही आमचं. मुलगी लग्न होऊन गेली आणि त्याच सुमारास काळी अडली, तेव्हा हे खाट उचलून गोठ्यात गेले. काळी सुटली, पिल्लं उड्या मारायला लागली, मोठी झाली — खाट काही परत आली नाही. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत. बोलायची सवयच कुठं होती? मुलगी होती तोवर हे तिच्याशी बोलायचे, मी तिच्याशी बोलायचे, आणि मला वाटायचं, आम्ही दोघंच बोलतोय एकमेकांशी. ती गेली आणि जेवताना नुसता ताटांचा आवाज. मीठ हवंय? नको. संपलं. भिंतीवरचं घड्याळसुद्धा मी काढून कपाटात टाकलं, इतकं टिकटिकायचं मेलं.

आणि गोठ्यात — गोठ्याला कमरेएवढं दार आहे, शेळ्या बाहेर पळू नयेत म्हणून. सकाळी मी चहा घेऊन जाते. दाराच्या अलीकडं मी, पलीकडं हे, फळीवर दोन कप. आणि काय बोलतात हो! संसार केला या माणसाबरोबर, पण त्याला इतकं बोलता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. शेळ्यांच्या चहाड्या सांगतात, लहानपणी विहिरीत पडले होते ते सांगतात, माझ्या भावाची नक्कल करतात — तुमचीही करतात, अध्यक्षबाई, असं नाक वर करून, फार छान जमते. आणि परवा म्हणाले, तुझे केस पांढरे झाले ते बरं झालं, तुला शोभतात. तिथं, लेंड्यांच्या वासात! मी या वयात लाजले आणि अर्धा कप चहा काळीच्या डोक्यावर सांडला.

हे मी कशाला सांगत बसले तुम्हाला? चाऱ्याचं बोलायचं होतं, माश्यांचं बोलायचं होतं, सगळं पाठ करून आले होते. राहूनच गेलं.

काय म्हणालात? घरी झोपू दे की त्यांना, त्यात एवढं काय? तुम्हाला सांगते एवढं काय ते. पाय मुरगळला होता ह्यांचा, तेव्हा आणलं होतं घरी. गादी, पंखा, उशाला पाणी, सगळं हातात. आणि पहिल्याच जेवणाला — मीठ हवंय? नको. तोच चहा, तेच दूध, माझ्याच हातचा. प्यायले, कप खाली ठेवला, आणि दोघं भिंतीकडं बघत बसलो. पाहुण्यांसारखे. मीच शेवटी म्हटलं, पाय बरा दिसतोय, काळी वाट बघत असेल. अहो, लंगडत का होईना, पण काय घाईनं गेले! आणि दुसऱ्या दिवशी फळीपाशी पोचते न पोचते तोच ह्यांचं सुरू — अगं, काल काय गंमत झाली. मला रडूच आलं. मला भीती वाटते हो, आता सरळच सांगते. उशिरा का होईना, नवरा मिळालाय मला, आणि तो तेवढ्या एका दारापाशीच मिळतो.

तेव्हा करायचा तर करा ठराव. हात तुम्हीच वर करणार, मी काय करणार? पण मग अर्धवट करू नका. कारकूनदादा, घ्या पेन, खाली अजून एक कलम घाला — गोठ्यातून घरी आणल्यावर या दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं, ते. सुरुवात कोणी करायची, तेही लिहा. अध्यक्षबाई, तुम्ही सांगा त्यांना, ते लिहून घेतील. — सांगा ना. — ते डाव्या हाताचे सांगतील? — बोला की कोणीतरी, मघापासून तर सगळे खुसखुसत होतात.