जेवणानंतर उघडलेली बाटली

हॅलो?… हो, मीच. आवाज का बसलाय तुझा?… रडू नकोस, नीट सांग… चार वाजता टाकी रिकामी करणार? आणि त्यातले तुझे दाणे?… अगं, अकरा महिने वाढवलेस ना ते!

काय म्हणतात साहेब?… सांडपाण्यातला फॉस्फरस कमीच होत नाही. हं… म्हणजे तो तळ्यात जाणार आणि तळं पुन्हा हिरवं. त्या तळ्यात मी पोहायला शिकले गं. नंतर पाय घालवेना.

दाणे म्हणजे जंतूंचेच गोळे ना? दिसतात कसे?… मोहरीएवढे, टणक. झटकन बुडतात?… मग धडधाकट आहेत की!

ऐक ना, एक विचारू? ते जंतू फॉस्फरस गिळतात कधी?… हवा असली की. आणि हवा नसली की?… ओकतात? गिळलेलं परत?… भलतेच! तुझ्या आजोबांसारखे. कोंडलं की सगळं बोलून मोकळे.

बरं, टाकीतल्या नमुन्याची बाटली कुठे तपासतात?… मुख्य इमारतीत? कधीपासून?… एक तारखेपासून. आणि आकडे कधी बिघडले?… तेव्हापासूनच? हं. नाही, काही नाही, तू सांग. बाटली नेतो कोण?… गाडीवाला, जेवून झालं की. तोवर?… खिडकीत. बूच लावून. आणि दाणे?… आतच!

अगं, मला रसायनं कळत नाहीत. मी जुन्या केंद्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्याच धुतल्या. पण जेवणानंतर उघडलेली बाटली डोळे मिटून ओळखायची मी. कोंदट वास यायचा. आजची खिडकीतच आहे ना अजून? बूच काढ… येतो? मग! बाटलीत हवा कुठली? दोन तास कोंडलेत बिचारे, ओकणारच!

हॅलो?… धावू नकोस, ऐक आधी.

किती वाजले?… तीन. टाकीत हवा चालू आहे ना?… दुपारपासून. मग नवी बाटली भर आणि भरल्याभरल्या गाळून दाणे बाहेर काढ. खिडकीतलीही गाळ, आणि दोन्हींत तपासणीचं औषध तूच घाल. फोन ठेवू नकोस, टाकीच्या कठड्यावर असू दे. बसलेय मी.

…हो, आहे ना. कुठे जाणार?… रंग चढायला दहा मिनिटं? आमच्याकडेही तेवढीच लागायची. मोठ्या बाई नळी उजेडात धरायच्या. जितका निळा गडद, तितका फॉस्फरस जास्त… अजून तसंच? बरं वाटलं ऐकून.

…आला?… आकडा नको, मला रंग सांग… शाईचं पेन धुताना शेवटचं पाणी येतं, तसा? आणि खिडकीतली?… दौतच!

दोन्ही नळ्या घे आणि जा. साहेबांना आधी त्या बाटलीचा वास घ्यायला लाव, निळा मग दाखव… जिना जपून, सांडशील… अगं, फोन तरी—

हॅलो?… गेली. फोन कठड्यावरच राहिला वाटतं.

…टाकीतले हवेचे बुडबुडे ऐकू येतायत.

…चार वाजले.

…चार वाजून दहा. अजून बुडबुडतंय… खा बाबांनो, सावकाश खा. ठेवते मी.