कुरेनचे ठोके

बुरुल : पुन्हा बहात्तर! बाबा, हा घोडा काल पळाला. रात्र उलटली तरी याची छाती शांत होत नाही.

शारशेन : कुरेन ठणठणीत आहे. तुझा तो ठोके मोजायचा पट्टाच बिघडलाय.

बुरुल : नाचता येईना, अंगण वाकडं! हाच पट्टा मी शेजारच्या घोडीला बांधून पाहिला. ती मजेत चाळीसवर.

शारशेन : मी त्याचा घाम चाटून पाहिलाय. खारटपणा गेला, पाण्यासारखा झालाय. म्हणजे घोडा तयार. माझे वडील असंच ओळखायचे, त्यांचे वडीलही...

बुरुल : सात पिढ्यांनी चाटला, कबूल! पण रविवारी शर्यतीत पंच घाम चाटणार नाहीत, ठोके मोजणार. पळून आल्यावर अर्ध्या तासात साठच्या खाली आले नाहीत, तर पहिला आलेला घोडाही बाद. गेल्या वर्षी तेच झालं ना?

शारशेन : तो पंच प्यायलेला होता.

सायरा : अहो, मग दुसऱ्यांदा मोजणारा? तोही प्यायलेला? आणि चहा घ्या आधी. बाप-लेक उजाडल्यापासून घोड्याची छाती धरून बसलात, माझी कुणी विचारत नाही.

बुरुल : आई, थट्टा नको. याचा शिणवटा गेला नसेल तर मी नाव मागे घेणार. पाठीवर मी बसते, तुम्ही नाही. माझ्याखाली तो कोसळलेला मला चालणार नाही.

शारशेन : घे मागे! अख्ख्या खोऱ्यात माझं नाक कापून घे!

बुरुल : हा फोनवरचा आलेख बघा. रात्रभर ठोके खाली आहेत, झोपलाय बिचारा. मग मध्येच हा डोंगर कसला?

सायरा : तेव्हा हे उठले होते. अंधारात टोपी शोधताना माझ्या पायावर पाय दिला.

शारशेन : बांधलेला घोडा एकदा बघून यायला नको?

बुरुल : आणि पहाटेचा हा डोंगर?

सायरा : तेव्हाही हेच. मी घोड्या दोहायला निघाले होते.

बुरुल : थांबा... बाबा, तुम्ही जवळ गेलात की ठोके चढतात. प्रत्येक वेळी!

शारशेन : मग? मला बघून आनंद होतो त्याला!

बुरुल : कान मागे पाडून आनंद?

सायरा : लग्नाच्या दिवशी यांना बघून माझंही असंच धडधडलं होतं. आनंदानं नव्हे.

शारशेन : तू गप गं! शिंगरू होता तेव्हापासून मी वाढवलाय त्याला. पोटच्या पोरासारखा.

बुरुल : वाढवलात. पण तुम्ही आलात की दावं सुटतं आणि ऊर फुटेस्तोवर पळायचं, एवढंच त्याला ठाऊक. नुसते भेटायला कधी गेलात?

(शारशेन कुरेनची आयाळ कुरवाळू लागतो.)

बुरुल : जरा लांब जा बरं. मला बघू दे.

शारशेन : माझ्याच घोड्यापासून?

सायरा : जा हो. चहा मी झाकून ठेवते.

(शारशेन उतारावरून चालू लागतो.)

शारशेन : आता किती?

बुरुल : अडुसष्ट. अजून लांब!

शारशेन : पुढं ओढा आहे!

बुरुल : ओढ्यापलीकडे जा!

शारशेन : बूट भिजले! आता?

बुरुल : चव्वेचाळीस. आई, बघ, मान खाली घालून चरायला लागला. शिणलेला नाहीच गं हा.

सायरा : मग रविवारी पळणार ना?

बुरुल : पळेल. पण पळून आल्यावर त्याला फिरवून गार करायचं, ते तू करायचंस.

सायरा : मी? शर्यत संपली की लगाम घोडा तयार करणाऱ्याच्या हातात जातो. सगळं खोरं तेच बघायला थांबतं. तुझे बाबा वर्षभर त्या एका फेरीसाठी जगतात.

बुरुल : म्हणूनच माझी सांगायची छाती होत नाही. तू सांग.

सायरा : अहो! ऐकलंत का?

शारशेन : ऐकलं. वारा इकडेच वाहतोय.

बुरुल : बाबा, रागावलात?

शारशेन : लगाम आईकडे दे. ...बुरुल, रविवारी एवढ्या लांबून मला तो दिसेल ना गं?