कडू वडी

दिवाळीच्या दळणाला बोरीवलीच्या गिरणीत रांग लागली होती. वनमालेच्या पुढे दोघी चकलीच्या भाजणीचे डबे घेऊन उभ्या होत्या. त्यातली थोरली तावातावाने बोलत होती.

“आमच्या धाकट्या जावेने, शैलाने, कॉफीची वडी पाठवली. फज म्हणायचं म्हणे त्याला.”

“कठीण असेल ना गं?”

“कसलं कठीण? कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडायचा, लोणी घालून आटवायचं, कॉफी ढवळायची नि थाळीत थापायचं. माझ्या अनारशांना आठवडा जातो.”

“सासूबाई खातात?”

“मधुमेह आहे ना त्यांना. माझा लाडू पुढे केला की साखर वर्ज्य. तिची वडी मात्र कडू, म्हणून चालते.”

गिरणीच्या घरघरीत नीट ऐकू येईना, तशी वनमाला डबा घेऊन पुढे सरकली.

“मग तूही कर की.”

“केली ना परवा. अगदी तश्शीच. खाऊन म्हणाल्या, शैलाच्या हाताची चव लगेच कळते.”

“अगं, मग सांगायचं ना, मी केली म्हणून.”

“सांगितलं असतं, तर लगेच गोड लागली असती.”