सखल भागात

भावजय : हात लावू नका ताई, त्यात काही राम उरलेला नाही. काल संध्याकाळी कशी तरतरीत होती सगळी रोपं! आता बघा, उकडलेल्या पाल्यासारखी झालीत.

ताई : सगळे ट्रे गेले?

भावजय : बाहेर काढले होते तेवढे सगळे. टोमॅटो गेले, मिरची गेली, वांगी गेली. दोन ट्रे तेवढे आत राहिलेत, तेही मी उचलायचा कंटाळा केला म्हणून.

भाऊ : अगं, तिला आधी बसू तर दे. ताई, चहा घेतेस?

भावजय : चहा म्हणे! सकाळी पानांवरचा बर्फ नखांनी खरवडत बसला होतात, तेव्हा नाही सुचला चहा.

ताई : नको रे चहा. फोनवर म्हणाला होतास ना, रोपं कणखर व्हायला ठेवायचीत म्हणून?

भाऊ : ठेवावीच लागतात. मळ्यात लावायच्या आधी एक-दोन रात्री उघड्यावर काढली नाहीत, तर नुसती माना टाकतात.

भावजय : म्हणून तर तुम्हाला विचारलं! मी इथेच उभी होते, फोन स्पीकरवर होता. ‘या दिवसांत आपल्याकडे तशी थंडी पडतच नाही, ठेव बिनधास्त.’ तुमचेच शब्द.

ताई : माझेच.

भाऊ : जाऊ दे ना आता. हवा काय कुणाच्या हातात असते?

ताई : हवेला कशाला बोल लावतोस? तू विचारलंस काल रात्रीचं, आणि मी सांगितलं तीस वर्षांचं. सरासरी तोंडपाठ आहे ना, दिली ठोकून. जेवायची सुट्टी संपत आली होती, मला घाई होती.

भाऊ : मला नाही कळलं. पडत नाही म्हणजे पडत नाही ना?

भावजय : अहो, तुम्ही शांत स्वभावाचे, सगळेच म्हणतात. म्हणून आज सकाळी ती झारी भिंतीवर आपटली नाहीत का?

ताई : अगदी तसंच. वर्षानुवर्षांचं हवामान म्हणजे स्वभाव. आजची हवा म्हणजे ती झारी. आणि हे लोकांना समजावून सांगायचाच पगार घेते मी.

भाऊ : पण वरच्या रस्त्यालगतची रोपवाटिका धडधाकट आहे. एकालाही धक्का नाही. आमच्यावरच काय राग होता?

ताई : काल आभाळ स्वच्छ होतं. ढग असले की जमिनीची ऊब धरून ठेवतात, पांघरुणासारखी. काल पांघरूणच नव्हतं. वारा असता तर हवा ढवळली गेली असती, तोही नव्हता. गार हवा जड असते रे, उतारावरून ओघळते आणि खोलगटात साचते. तुझी जागा खोलगटात आहे.

भाऊ : हे दुपारी कळत होतं?

ताई : दुपारी नाही. संध्याकाळी कळलं.

भावजय : संध्याकाळी? कुणाला?

ताई : मला. हवामानाचे नवे नकाशे आले. रेडिओवर जाणारी सूचना मीच लिहिली. ‘सखल भागात कडाक्याची थंडी, रोपं झाकून ठेवा.’ माझ्या हाताने लिहिलं, आणि तुझी जागा डोळ्यांपुढे आली नाही. दुपारचा फोन पार विसरले. घरी गेले, जेवले, गाढ झोपले. लाज वाटते रे. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते.

(भाऊ एक ट्रे पालथा करून माती झटकत राहतो.)

भाऊ : रेडिओ लागला होता.

भावजय : काय?

भाऊ : तू आत होतीस. ‘सखल भागात’ एवढं ऐकलं आणि बंद केला. म्हटलं, यांना काय कळतंय? आमच्या ताईने सांगितलंय.

ताई : असं नको ना बोलूस.

भाऊ : झालं ते सांगतोय.

भावजय : वा! आणि दुपारी तो मळेवाला टेम्पो घेऊन येईल, त्याचं काय? नोकरी सोडून मांडलेल्या धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक. त्याला काय या काड्या देणार?

भाऊ : माझा अंदाज चुकला म्हणेन.

ताई : तुझा कशाला? माझं नाव सांग.

भाऊ : तुझं नाव नाही घ्यायचं. बहीण हवामान खात्यात आहे, हे येईल त्याला सांगत आलोय मी. त्यालाही सांगितलंय.

ताई : मग मी थांबते. तो आला की मीच सांगेन त्याला.

भावजय : थांबताय तर दोन घास खाऊन घ्या. उपाशीपोटी कशाला बोलणी खायची?

भाऊ : ताई, ते आतले दोन ट्रे. आज रात्री बाहेर काढू का?

ताई : अजून मलाच विचारतोस?

भाऊ : मग कुणाला विचारू?

ताई : आत्ता नाही सांगत. संध्याकाळी ऑफिसात नकाशे बघते, मग सांगते. तू फोन करू नकोस, मी करेन.

भावजय : मी आपली रेडिओसुद्धा लावून ठेवीन हं. राग मानू नका.

ताई : लाव गं. मोठ्याने लाव.