तांबडी भाकरी

(मे १९७३. आटपाडीच्या बाजूला माळावरची धनगरवस्ती, भर दुपार. हरणाबाई चुलीपुढं, तिचा मुलगा अर्जुना ताटावर. त्याचा बाप बिराप्पा अर्धं ताट टाकून नुकताच बाहेर गेलाय.)

हरणाबाई : तू उठू नगंस आता. एक उठला त्येवढं बास हाय.

अर्जुना : पण आई, मी असं काय बोललो?

हरणाबाई : त्ये माज्या तोंडानं वदवून घेऊ नगं.

अर्जुना : तू भाकरी थापत होतीस, म्हणून मी दुरडीवरचं फडकं उचललं. खाली ही तांबडी भाकरी. मी म्हणालो, हा तर मिलो, हा आम्ही तिकडं अमेरिकेत डुकरांना घालतो. एवढंच. यात खोटं काय आहे?

हरणाबाई : खोटं असतं तर त्यो उठलाच नसता. तुला एक शिवी हासडली असती आन् जेवला असता. खरं हाय म्हनून उठला.

अर्जुना : आबांच्या ताटात तीच भाकरी आहे, हे मला कुठं माहीत होतं?

हरणाबाई : तुला कळू न्हाई म्हनून तर त्येला कनगीच्या आडोशाला बसीवला. रिकाम्या कनगीचा तेवढाच उपेग. म्हनलं, पोरगं दोन वर्सानं घरात जेवाया बसलंय, त्येच्या ताटात शाळूची पांढरी आन् बापाच्या ताटात तांबडी, ह्ये त्येला दिसू नये. पन तुला दुरडीत हात घालायची घाई.

अर्जुना : भूक लागली होती गं.

हरणाबाई : मग खा की.

अर्जुना : आता जात नाही. शाळू आणलास कुठनं?

हरणाबाई : शेजारच्या रंगूकडनं भाकरीपुरतं पीठ आनलं. तिच्या भावानं फलटनाकडनं धाडलं हुतं तिच्या पोरांसाठनं. आमच्यात गेल्या सालापास्नं तांबडीच चाललीया. कंट्रोलच्या दुकानात दुसरं काय येतंया? आमी दोघं जातो दुष्काळी कामावर, खडी फोडाया. तितं सुकडी गावती, दुपार भागती.

अर्जुना : आबा खडी फोडतात? आणि मेंढरं कोण बघतं? सकाळी वाडगं रिकामं दिसलं, मला वाटलं कुणाबरोबर तरी खाली नदीकाठाला चारायला धाडलीत.

हरणाबाई : मेंढरं न्हाईत. थोडी इकली, बाकीची वैरणीवाचून गेली.

अर्जुना : मला कळवायचं तरी.

हरणाबाई : कळवून काय, तू तिथनं पाऊस धाडनार हुतास? पोटाला खाल्लं नसतंस निस्तं. आबानीच गुरुजींस्नी सांगितलं, पोराला लिवा, सगळं बेस हाय.

अर्जुना : तरी पण आबा ताटावरनं उठणारा माणूस नव्हे. मागं वाडग्यात लांडगा शिरला तेव्हा मी रडून ओरडत होतो, आणि हे हातातला घास चावून, पाणी पिऊन मग काठी घेऊन गेले. अन्न टाकून उठायचं नाही म्हणून मला किती वेळा फटके दिलेत.

हरणाबाई : लांडग्याला उठला न्हाई, पन तुज्या बोलन्यानं उठला. ताटात हात धुतला त्येनं, बघ. आता त्यो बसस्तवर ह्या घरात बाईमानसानं घास घ्यायचा न्हाई. सासूबाईपास्नं चालत आलंय.

अर्जुना : मी बोलावून आणतो. पाय धरतो त्यांचे.

हरणाबाई : पाय धरून काय हुनार? तुला ठावंच न्हाई तू कशावर पाय दिलास. गुंडा आठवतोय का तुला?

अर्जुना : गुंडाकाका? न आठवायला काय झालं? दर वर्षी दोघं मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचे. एका घोंगड्यावर निजायचे.

हरणाबाई : त्येच्याशी बोलत न्हाईत तुजं आबा. खडीच्या ढिगावर दोघं पाठीला पाठ करून बसत्यात.

अर्जुना : का?

हरणाबाई : ह्योच मिलो. पयल्यांदा गोन्या आल्या तवा दुकानाम्होरं ही गर्दी. दाना बघून गुंडा म्हनला, ही तिकडल्या डुकरांची पेंड हाय, आपल्या गळ्यात मारलीया. झालं, तुजं आबा फुडं झालं. म्हनलं, माजं पोरगं जेवतंय त्या मुलकात. तितनं आलंय म्हंजी मानसाचंच खानं आसनार. माज्या अर्जुनाच्या ताटातलं हाय, नावं ठेवायची न्हाईत. गुंडा हसला. त्येनं हसायचं आन् ह्येंनी त्येच्या थोबाडीत द्यायची. सगळ्या वाडीम्होरं.

अर्जुना : आई...

हरणाबाई : ऐक आता. घरात बी तसंच. मला ती भाकरी पयल्यांदी उतरंना. तर म्हनायचं, खा गं, आपलं पोर बी आत्ता ह्येच खात आसंल. रोज म्हनायचं. तुजं नाव घेऊन त्यो मानूस ती भाकरी गिळत हुता, आन् तू आज आलास आन् म्हनलास, डुकराला घालतो.

अर्जुना : मला हे कुणी सांगितलं का?

हरणाबाई : ईचारलंस का? सकाळपास्नं तितल्या बर्फाचं आन् उंच इमारतींचं सांगतोयास. गप. आलं त्ये.

बिराप्पा : माजं मुंडासं दे.

हरणाबाई : कुटं निघाला?

बिराप्पा : गुंडाकडं.

हरणाबाई : आवं, ऊन तरी उतरू द्या.

बिराप्पा : मारलं तवा बी ऊनच हुतं.

अर्जुना : आबा, माझं चुकलं. आधी दोन घास खाऊन घ्या, मग पाहिजे तिकडं जा.

बिराप्पा : कुनाचं खानं खाऊ? तूच सांग. जनावराच्या खान्याचं शिकायला गेलतास न्हवं?

अर्जुना : धान्य वाईट नाही आबा. जोंधळ्याच्याच जातीचं आहे. सत्त्व आहे त्यात. तिकडं माणसं गहू खातात, म्हणून हे जनावरांना जातं, एवढाच फरक.

बिराप्पा : पुस्तकातलं नगं. डुकराला घालत हुतास का न्हाई?

अर्जुना : घालत होतो. रोज संध्याकाळी. आमच्या शिक्षणातच होतं ते.

बिराप्पा : आन् तू दूध, लोनी, केळी खात हुतास. गुरुजींनी वाचून दावलं समदं. झाकायला कशाला पायजे? बरं झालं तू चांगलंचुंगलं खाल्लंस. माज्या मनाला समाधानच हाय त्येचं. फकस्त मी सगळ्यांम्होरं येड्यावानी बोललो, आन् एका खऱ्या मानसाला मारलं. त्येवढं त्येच्या दारात जाऊन सांगतो. म्हनतो, गुंडा, माजं पोरगं आलंय, त्येच म्हनतंय तू खरा.

अर्जुना : नका जाऊ आबा.

बिराप्पा : वाट सोड.

अर्जुना : नाही सोडत. आधी माझं ऐका. मी पण खाल्लाय मिलो.

बिराप्पा : आईनं सांगितलं वाटतं तुला, बापाचं मन राख म्हनून.

हरणाबाई : बिरोबाच्यान् न्हाई सांगितलं.

अर्जुना : निघताना बिरोबाच्या देवळात तुम्ही माझ्या हातावर भंडारा ठेवून काय म्हणाला होता?

बिराप्पा : गाईचं खानार न्हाईस, आन् डुकराचं खानार न्हाईस.

अर्जुना : हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन वेळेला तेच. रस्सा त्याचाच, भाजीत तुकडे त्याचेच, तळायचं ते त्याच्याच चरबीत. विचारायला गेलं की वाढणारी बाई हसायची. पहिला महिनाभर मी उकडलेला बटाटा आणि पाव खाल्ला. दूध होतं, केळी होती, ते खोटं नाही लिहिलं. पण केळ्यानं पोट भरतं का आबा? रात्री अंथरुणात पडलं की भाकरी दिसायची. थंडी अशी, की श्वास मिशीवर गोठायचा.

हरणाबाई : मला ईमानाच्या पत्रातनं कळवायचंस रं. चटनी तरी धाडली असती.

अर्जुना : चटणी कशाला लावली असती आई? मग एक दिवस डुकरांच्या कोठारात गोणी फोडली. तोंड उघडलं आणि वास आला... आपल्या खळ्यावर रास पडते ना, तसा. मी गोणीत हात घालून तसाच उभा राहिलो. मग मूठभर दाणे कोटाच्या खिशात घातले. दुसऱ्या दिवशी परत. जुन्या बाजारातनं कॉफी दळायचं हातयंत्र आणलं, त्यात दळायचं. खोलीत शेगडी लावायची बंदी होती. दाराच्या फटीत टॉवेल कोंबायचा आणि भाकरी भाजायची.

बिराप्पा : तुला भाकरी येती व्हय?

अर्जुना : येत नव्हतीच. थापायला गेलं की चिरायची. तुकडे तुकडे भाजून खायचो. मीठ लावून.

बिराप्पा : निवल्यावर कशी लागती?

अर्जुना : काय?

बिराप्पा : सांग की. खाल्लीयास न्हवं? निवल्यावर कशी लागती ती?

अर्जुना : चामडं चावल्यागत. कडा तर दातानं तुटत न्हाई. पाण्यात भिजवावी लागती. आन् खाऊन झालं की जिभेवर तुरट थर बसतो, किती बी चुळा भरा, जात न्हाई. सकाळी उठलं तरी तोंडात तेच.

बिराप्पा : ...पोट?

अर्जुना : पयलं चार दिस दगड बसल्यावानी. मग सवय हुती.

हरणाबाई : तुमालाबी चार दिस असंच झालतं, आठवतंय का?

बिराप्पा : मंग मगाशी ते तसं का बोललास?

अर्जुना : लाज वाटली आबा. तिकडं कुणाला कळू दिलं न्हाई, हिकडं लिहिलं न्हाई. शिष्यवृत्तीवर गेलेलं पोरगं डुकरांच्या म्होरचं खातंय, हे कसं लिहू? आन् आज फडकं उचललं तर तीच भाकरी माझ्या घरात. माझं चोरून खाल्लेलं कुणीतरी उघडं केल्यागत झालं. घाईघाईनं तोंडातनं तेच निघालं, जे तिकडं सगळी म्हणायची. मला ती ओळखायची नव्हती.

बिराप्पा : बस खाली.

अर्जुना : तुम्ही बसा, मग मी.

बिराप्पा : थांब. एक सांग. डुकराच्या म्होरचं रोज मूठभर काढून घेत हुतास?

अर्जुना : हो.

बिराप्पा : मंग त्येस्नी कमी पडलं आसंल की.

अर्जुना : मुठीनं काय कमी पडतंय? डोंगरागत गोण्या होत्या तिथं.

बिराप्पा : तरी बी. मुक्या जनावराच्या म्होरचं काढून खायाचं धनगराच्या पोरानं? तू शिकलास कितीबी, पन ह्ये मला पटलं न्हाई.

हरणाबाई : आन् तुमी काय केलं? पोराला बोलताय. तुमच्या वाटनीची अर्धी भाकरी धोतरात घालून वाडग्यात न्हेत हुता. मला दिसत न्हवतं व्हय?

बिराप्पा : ती धवळी मेंढी ऱ्हायली हुती एकटीच. उभी ऱ्हात न्हवती.

हरणाबाई : तरी वाचली का?

बिराप्पा : न्हाई वाचली. पन खाऊन मेली.

अर्जुना : आबा, बसा आता. आईनं सकाळपास्नं काही खाल्लेलं न्हाई.

बिराप्पा : ठावं हाय मला. वाढ गं. दुसरं ताट घे, त्या ताटात हात धुतला मी. माजं चुकलं त्येवढं.

हरणाबाई : पोरा, तुजी पांढरी निवली. दुसरी टाकते, पीठ हाय अजून.

अर्जुना : मला ही तांबडी दे. आई, तुझी चिरली कशी नाही गं? एक भेग नाही.

हरणाबाई : आदनाचं पानी वतावं लागतं पिठात, कडकडीत. हात भाजला तरी तसंच मळायचं. मला बी लय भाकरी मोडल्यावर समजलं. तुला कोन सांगनार तितं?

बिराप्पा : घे, माज्यातली अर्धी घे. आन् गं, ती पांढरी दुरडीत ठेवू नगं. फडक्यात बांध.

हरणाबाई : ती कुनाला आता?

बिराप्पा : गुंडाला. रिकाम्या हातानं दारात कसा जाऊ?

अर्जुना : मी येतो बरोबर. मीच सांगतो त्यांना, धान्य कुणाचं आहे ते.

बिराप्पा : सांग. डुकराचंच हाय म्हनून सांग, लपवू नगं. आन् माज्या पोरानं बी खाल्लंय, ह्ये मी सांगतो.

हरणाबाई : पानी प्या. मुंडासं नीट बांधा. जावा दोघं, आन् दार वढून घ्या. मी आता जेवते.