तळाचा दरवाजा

थोरले : दोन ओळी. आणि दोन्ही तुमच्याच.

धाकटे : अण्णा, पाटी मी लिहिलेली नाही.

थोरले : लिहिली नसेल, वाचली तर असेल. सकाळपासून तीनदा तरी वाचली असेल. 'रणगाड्यातल्या जवानांना संकटात बाहेर पडता यावं म्हणून तळाला बसवलेला सरकता दरवाजा.' आणि खाली आमच्या साडूभाऊंचं नाव, चांगलं टपोऱ्या अक्षरांत. लांबून येणाऱ्यालासुद्धा चष्मा लागू नये अशी सोय.

धाकटे : ह्या रणगाड्याचा कार्यक्रम अकराला आहे. तुम्ही इतक्या लवकर कसे आलात? ताई कुठे आहेत?

थोरले : तुमची ताई आपल्या धाकट्या बहिणीबरोबर येईल. दोघींचं सकाळपासून फोनवर चाललंय, काय घालायचं आणि पुढच्या रांगेत कुठे बसायचं. मी मुद्दाम आधी निघालो. संग्रहालयाच्या बाईंना गर्दी व्हायच्या आत गाठायचंय.

धाकटे : कशासाठी?

थोरले : ह्या नळीसाठी. मघापासून तिच्याकडेच बघताय ना तुम्ही?

धाकटे : काय आहे तिच्यात?

थोरले : ड्रॉइंग नंबर दोनशे सात. तळाच्या दरवाजाची तपासणीची प्रत. ऑफिसनं जास्तीच्या प्रती जाळायला काढल्या तेव्हा मी एवढी एक घरी आणली. एकेचाळीस वर्षं कपाटावर आहे. 'काढणार' म्हणून तुमची सही, 'तपासणार' म्हणून माझी आणि मधोमध माझी लाल पेन्सिल. ज्याला वाचता येतं त्याला कळेल दरवाजा कोणाचा ते.

धाकटे : आज ती नळी राहू द्या, अण्णा. मी हात जोडतो.

थोरले : का? पोटात दुखायला लागलं?

धाकटे : तसं नाही हो.

थोरले : तसंच आहे. त्या ड्रॉइंग ऑफिसात तुम्हाला चिकटवलं कोणी? मी. लग्नाला महिना झाला नव्हता तुमच्या, सासूबाई म्हणाल्या, धाकट्या जावयाचं कुठे जमतंय का बघा. मी बघितलं. पेन्सिलीला टोक कसं काढायचं, रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक, सगळं मी दाखवलं. आणि तीन वर्षांत चीफसाहेब माझ्याच टेबलापाशी येऊन मला विचारायचे, "तुमचे साडू कुठे आहेत?" मी बारा वर्षं तिथे बसत होतो. मी कुठे आहे असं त्या माणसानं कधी कोणाला विचारलं नाही.

धाकटे : तुमच्या हिशोबावर त्यांचा डोळे मिटून विश्वास होता.

थोरले : डोळे मिटूनच होता. म्हणून तर मी दिसलो नाही. मग मला जहाजांकडे पाठवलं. बदली हो, बढती नाही. पस्तीस वर्षं मी युद्धनौकांचे पाणबंद दरवाजे काढले. लढाईत एका जहाजाला टॉर्पेडो लागला, मागचा तिसरा हिस्सा पाण्यानं भरला, पण माझे दरवाजे हलले नाहीत. दोनशे माणसं घेऊन ते जहाज ओढत ओढत बंदराला लागलं. मी घरी येऊन सांगितलं तर सासूबाई काय म्हणाल्या? "कप्तान शूर असणार." आणि दिवाणखान्यात फोटो कोणाचा? तुमचा. रणगाड्यावर कोपर टेकून, जसं काही तुम्हीच तो लढाईवरून चालवत आणलाय.

धाकटे : तो फोटो मी दोनदा काढायला सांगितला होता.

थोरले : तेही कळलं होतं. विनयशील जावई म्हणून आणखी महिनाभर कौतुक झालं. असो. पाटीचं बोलू. ती चुकीची आहे आणि चूक कुठे आहे ते तुम्हालाही माहीत आहे. 'सरकता' लिहिलंय. सरकता तुम्ही काढला होता. मी तो खोडला आणि खाली पडणारा केला. खटका ओढला की दरवाजा आपल्या वजनानं जमिनीवर पडतो. खाचा नाहीत, रूळ नाही, वाळू अडकायची भीती नाही, चौदा सुटे भाग कमी. कारखान्यात गेला तो माझा. हा रणगाडा समोर उभा आहे, वाका आणि बघा. मला गुडघे वाकू देत नाहीत, नाहीतर मीच दाखवला असता.

चालक : सरकताच आहे, साहेब. आत्ताच खाचांत तेल घातलं.

(रणगाड्याखालून आधी एक काठी बाहेर आली, मग तेलानं माखलेला हात आणि शेवटी पासष्टीचा एक आडव्या बांध्याचा माणूस. दोघा साडूंचं सगळं बोलणं त्यानं ऐकलं होतं, आणि ते लपवायची त्याची अजिबात इच्छा दिसत नव्हती.)

थोरले : हे कोण?

धाकटे : हे हवालदार, त्या वेळी ह्याच गाडीवर चालक होते. मीच बोलावलं त्यांना. अण्णा, चला, आपण बाहेर चहा घेऊ.

थोरले : तुमची ओळख आहे?

चालक : एकेचाळीस वर्षांची. साहेब दरवर्षी येतात. माझ्या मुलीच्या लग्नाला दोन दिवस आधी आले होते.

थोरले : मला कधी बोलला नाहीत.

धाकटे : विषय निघाला नाही.

चालक : खाली पडणारा दरवाजा पहिल्या गाड्यांना होता. ही गाडी नंतरची. तो आपला म्हणालात?

धाकटे : ते जुनं झालं हो. अण्णा, चला ना.

थोरले : थांबा. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला विचारतंय, तर तुम्हाला चहा आठवला. हो, माझा. ह्यांचा कागद मी दुरुस्त केला. का विचारता?

चालक : माझी पहिली गाडी त्यातली होती.

थोरले : अस्सं. मग सांगा ह्यांना. सोपा होता की नाही वापरायला?

चालक : एकदाच वापरायची वेळ आली. नदी ओलांडून पलीकडच्या काठावर चढत होतो. काठ वरून कोरडा दिसत होता. गाडी पोटापर्यंत रुतली, आणि तेवढ्यात कडेनं गोळा बसला. वरचं झाकण वाकलं, उघडेना. मला पुढे माझं वेगळं झाकण होतं, मी त्यातून निघालो. हा पाय तिथलाच. आत तोफची होता आणि गोळे भरणारा. दोघं खाली वाकले आणि खटका ओढला. खटका फिरल्याचा आवाज मी बाहेर पडल्या पडल्या ऐकला, साहेब. चांगला फिरला. पण दरवाजा पडायला खाली जागा नको?

थोरले : खाली चिखल.

चालक : खाली चिखल. गाडी पेटली होती.

थोरले : जमिनीपासून हातभर उंची धरली होती मी. सपाट जमीन धरली होती.

चालक : लढाईत सपाट जमीन आम्हाला फारशी भेटली नाही.

धाकटे : बस करा आता. ह्यांना नका सांगू पुढचं.

चालक : का नको? मी दवाखान्यात पडल्या पडल्या ऑफिसला पत्र लिहिलं. ज्याची चूक आहे त्याचं तोंड बघायचंय, असं लिहिलं होतं. आणखीही बरंच लिहिलं होतं, ते आता बोलवत नाही. आठ दिवसांत हे साहेब खाटेपाशी हजर. म्हणाले, कागदावर नाव माझं, चूक माझी. मी पायाशी ठेवलेलं भांडं फेकून मारलं ह्यांना. तरी दुसऱ्या दिवशी परत आले. सहा महिन्यांत सरकता दरवाजा आला. मला ही गाडी मिळाली. हिच्यातून आम्ही सगळे दोनदा तळातून बाहेर पडलो, एकदा तर असल्याच चिखलात, दरवाजा सरकवून हातांनी चिखल उपसत. पाटी बरोबर आहे.

थोरले : तुम्ही चूक तुमची म्हणून सांगितलीत?

धाकटे : होतीच माझी. तुमची लाल पेन्सिल बघितली त्याच दिवशी मला कळलं होतं की रुतलेल्या गाडीत हा उघडणार नाही. तुमच्या टेबलापर्यंत आलो होतो सांगायला. तुम्ही वर न बघता म्हणालात, "काय, शिकवायला आलात?" मी परत गेलो. वाद घातला असता तर संध्याकाळी घरी दोघी बहिणींत भांडण. तुम्ही मला नोकरीला लावलेलं. मी निमूट तुमच्या दुरुस्तीप्रमाणे ड्रॉइंग काढलं आणि सही केली.

थोरले : आणि मला सांगितलं नाहीत.

धाकटे : तुम्ही जहाजांकडे गेला होतात. त्याच वर्षी ताईंचं मोठं आजारपण. सांगितलं असतं तर तुम्ही मोडून पडला असता.

थोरले : पडलो असतो. पडायला नको होतं का मी?

धाकटे : अण्णा, बसा जरा. त्या खोक्यावर बसा.

थोरले : नको. तुम्ही मला बसवू नका. तुम्हाला खरं सांगू? वाळूबिळू सगळं नंतर सुचलं. तुमचा कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा मी तो तासभर बघत होतो. एक चूक सापडत नव्हती. चीफसाहेब संध्याकाळी तो घेऊन जाणार होते. लाल रेघ न मारता तो माझ्या हातून गेला असता तर मी त्या ऑफिसात कशाला बसतो, असं झालं असतं. हेवा वाटला मला तुमचा. दुसरं काही नव्हतं.

चालक : मी हे ऐकायला आलो नव्हतो.

थोरले : तुम्हीच ऐकायला हवं. तुम्हाला त्या माणसाचं तोंड बघायचं होतं ना? हे घ्या. नळीचं बूच घट्ट आहे, जरा पिळा.

चालक : चष्मा नाही माझ्याकडे. तुम्हीच वाचा.

थोरले : 'सरकता दरवाजा रद्द. खाली पडणारा करावा. अनावश्यक भाग टाळावेत.' तारीख. सही. 'अनावश्यक' खाली दोन रेघा आहेत. म्हणजे ह्यांना लागावं म्हणून मारलेल्या.

चालक : अक्षर सुंदर आहे.

थोरले : अक्षराला कोणी कधी नाव ठेवलं नाही.

धाकटे : द्या इकडे तो कागद. घरी जाऊन जाळू. संग्रहालयाच्या बाई यायच्या आत.

थोरले : हे बघा, पुन्हा. साडूभाऊ, ऑफिसातलं कौतुक तुम्ही नेलंत, सासूबाई नेल्यात, दिवाणखान्याची भिंत नेलीत. मी एकेचाळीस वर्षं जळत बसलो, आणि तुम्ही माझी चूकसुद्धा गुपचूप स्वतःच्या नावावर करून बसला होतात. भांडं माझ्या कपाळात बसायचं होतं. दरवर्षी ह्यांच्या घरी मी जायचं होतं. तेवढं एक माझं हक्काचं होतं हो.

धाकटे : त्यात हेवा करण्यासारखं काय होतं? तोफचीच्या घरीही जायचो, पहिली सात वर्षं त्याच्या आईनं मला दाराबाहेर उभं ठेवलं.

थोरले : आणि आठव्या वर्षी?

धाकटे : आठव्या वर्षी आत बोलावलं.

थोरले : बोलावलंच ना. कुठे राहतात त्या? यंदा मी जातो.

चालक : त्या गेल्या, साहेब. चार वर्षं झाली. तोफचीची मुलगी आहे. बाप गेला तेव्हा चार महिन्यांची होती. आज येणार आहे ती इथे.

थोरले : तिला काय माहीत आहे?

चालक : हेच, की चूक ह्या साहेबांची. आजी गेल्यावर तिनं एकदा मला विचारलं, त्यांना अजून येऊ द्यावं का? मी म्हटलं, तुझ्या मनाला विचार. आता ह्यांना काका म्हणते.

थोरले : काका म्हणते. चूक ह्यांची आहे हे माहीत असून.

धाकटे : म्हणून सांगतो, आता तिच्यापुढे नवं काही काढू नका. तिचं कसंबसं मिटलंय.

चालक : तिचं मिटलंय की तुमचं, साहेब?

धाकटे : मला नाही माहीत.

चालक : ती बघा, फाटकाशी आलीच. राखाडी कोट, हातात छत्री. नेहमी अर्धा तास आधी येते.

धाकटे : अण्णा, निदान मला बरोबर येऊ द्या. आधी मी बोलतो, मग तुम्ही बोला.

थोरले : तुम्ही आधी बोललात की तिला तुमचंच खरं वाटणार. सगळ्यांना वाटतं. तुम्ही इथे पाटीपाशी थांबा, ती बरोबर आहे. हवालदार, माझ्याबरोबर चला. ती मला ओळखत नाही, हा कोण माणूस म्हणून बावरायला नको.

चालक : चला. पण एक सांगून ठेवतो, साहेब. ती तुम्हाला काका म्हणणार नाही.

थोरले : नकोच. ते ह्यांच्याकडेच राहू दे.