पाठीमागे उमललेलं फूल

नाही हो, कसलं पोटभर! जो तो मलाच विचारतो, "माळीबुवा, तुमची काय मजा, तुम्ही तर जवळून पोटभर पाहिलं असेल!" अहो, मी रांग अडवायच्या दोरीवर होतो, दोरीवर! तोंड लोकांकडे, पाठ फुलाकडे. माणसाच्याही वर गेलेलं फूल माझ्या पाठीशी उमललेलं आणि मी बघतोय काय, तर फाटकापर्यंत गेलेली रांग! पण फुलाला बोल लावू नका. फुलाचं काही चुकलं नाही.

तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं सांभाळलंय मी त्या फुलाच्या कंदाला. आणि त्याने काय दिलं? वर्षाला एक पान. एकच! तेही वाळायचं, की मग महिनोन्‌महिने कुंडीत नुसती माती. आणि मी त्या मातीची उस्तवार करतोय... काचघरात ऊब हवी, ओल हवी, पण फार ओल नको, नाहीतर कंद सडलाच! बायको म्हणायची, "अहो, रिकाम्या कुंडीला कोण इतकं जपतं? मी तापाने फणफणले तेव्हा एक रजा नाही काढलीत!" मी म्हणायचो, "थांब गं. उमलेल त्या दिवशी सगळ्यांत आधी तुला दाखवीन." सगळ्यांत आधी! शब्द दिला होता हो मी.

परवा सकाळी कामावर येऊन बघतो तर काय, उमललेलं! आणि वास! अहो, कपाटामागे उंदीर मरावा आणि घरचे सगळे आठवडाभर गावाला गेलेले असावेत... तसा! त्या फुलाला माश्या हव्या असतात, म्हणून तो वास. माश्या आल्या त्या आल्या, पण माणसं? जेमतेम एक दिवस टिकतं, मग पुन्हा सात-आठ वर्षं नाव नाही, असं कुणीतरी पसरवलं आणि सगळं शहर नाकाला रुमाल लावून दारात! एरवी गुलाबाच्या ताटव्याकडे ढुंकून न बघणारी माणसं, दुर्गंधीसाठी चार-चार तास उभी! एक निवृत्त मास्तर तर दोरीशी अडूनच बसले, "माळी, हे फूल नव्हेच! हा फुलोरा आहे, फुलोरा!" म्हटलं, असेल मास्तर, पण पुढे सरका. एक ताई म्हणाल्या, "ईऽऽ! हे नेहमी असंच येतं की आज बिघडलंय?" म्हटलं, ताई, असंच येतं. मी घाईघाईत बायकोला फोन केला, "सगळ्यांत आधी नाही जमलं, पण तू ये!"

आमचे साहेब, म्हणजे बागेचे अधीक्षक, दोरी माझ्या हातात देऊन बजावून गेलेले, "शिस्त हवी! वशिला चालणार नाही, कुणाचाही!" मीही पाटी रंगवली, माझ्या या हातांनी: 'ओळख सांगू नये.' आणि नऊ वाजता कोण हजर? साहेबांच्या सासूबाई! "मी अधीक्षकांची सासू." म्हटलं, "आजी, रांग तिकडे." आणि काय सांगू... रांगेने टाळ्या वाजवल्या हो! अकरा वर्षांत मला कुणी साधं 'बरं केलंस' म्हटलं नव्हतं. त्या टाळ्या डोक्यात गेल्या, कबूल. फुलाचं काही चुकलं नाही.

बाराच्या सुमाराला बायको आली. लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करते ती, कधी नाही ती रजा मागून, ठेवणीतले कपडे घालून, सरळ दोरीशी आली आणि हळूच म्हणाली, "अहो, आलेय मी." तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बघा बघा, ओळखीतली दिसते!" आणि दोन-तीनशे डोळे माझ्यावर! काय करायचं होतं मी? दोरी उचलायची, बस! हातभर! आणि मी काय म्हटलं? "बाई, रांग तिकडे." बाई! एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिला बाई म्हटलं! पुन्हा टाळ्या. ती वळली. गेली मागे.

मला वाटलं, पोचेल. मान लांब करकरून बघत होतो, फाटकाशी आहे, बाकाशी आली, नळाशी आली... साडेचारला तिच्यापुढे फक्त बारा माणसं उरली आणि माझ्या पाठीमागे काहीतरी धप्पकन पडलं. वळलो तर फुलाच्या मधला उंच सोट आडवा, भोवतीची एकुलती पाकळी ओल्या गोणपाटासारखी गोळा झालेली. फुलाचं काही चुकलं नाही हो, त्याची वेळ झाली होती! लोक हळहळले, पांगले. ती तेवढी पुढे आली. चारी बाजूंनी नीट बघितलं तिने त्या गोणपाटाकडे. म्हटलं, "रागावलीस?" म्हणाली, "छे. अकरा वर्षं वाटायचं, तुम्ही इथे फुलासाठी येता. आज कळलं, दोरी धरायला येता." आणि गेली घरी. एकटीच.

मागोमाग साहेबांचं बोलावणं. म्हटलं, चला, निदान शाबासकी तरी! साहेब म्हणाले, "काचघरात तुझी शिस्त वाया जाते रे. सोमवारपासून तू वाहनतळावर." म्हटलं, साहेब... कंद? "बघेल कुणीतरी." एवढंच विचारलं, "मग तिथे गाड्या अडवायला दोरी?"

म्हणाले, "हीच घेऊन जा."